मास्तर सोडून सगळे

मोटार शिकवणाऱ्यांच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा मास्तरांच्या. शिकणारा कितीही आत्मविश्वासाने भिंतीकडे निघाला तरी मास्तर बसल्याजागी पाय दाबतात. गाडी थांबते, भिंत वाचते, शिकणारा घाम पुसतो. जन्मभर हेच केल्यावर माणसाची समजूत होऊन बसते, की या जगात जे जे चाललंय ते आपला पाय आहे म्हणूनच कुठे धडकत नाही.

मास्तरांची तशी समजूत झाली होती, आणि ती ते रोज संध्याकाळी घरी घेऊन यायचे.

सगळी वस्ती त्यांना मास्तरच म्हणायची. बुटके, गोल, मिशी कंगव्याने बसवलेली, आणि आवाज असा की चौकातला पोलीसही दचकून शिट्टी फुंकायचा. त्यांच्या पिवळ्या गाडीला शिकाऊ मंडळींनी चहूबाजूंनी इतके पोचे पाडले होते की ती लांबून उकडलेल्या बटाट्यासारखी दिसायची. घरात जेवणाच्या टेबलाशी त्यांची खुर्ची ठरलेली, आणि त्या खुर्चीपुढची सतरंजी नेमकी उजव्या पायाखाली विरलेली. थोरला म्हणाला, "नोकरी बदलावी म्हणतोय," की पाय खाली. धाकटी म्हणाली, "केस आखूड करणार आहे," की पाय खाली.

"अहो, भोक पडेल त्या सतरंजीला," बायको म्हणायची.

"सतरंजीला पडलेलं परवडलं. मुलं खड्ड्यात पडलेली नाही परवडत."

बायको टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. उभा जन्म तिने याचा फोन त्याला जोडून दिला होता आणि मधे कधी कान लावला नव्हता. निदान ती तसं सांगायची. नवऱ्याच्या बोलण्यावर काय करायचं हेही तिला ठाऊक होतं. ती मनातल्या मनात वायर काढून घ्यायची.

मुलं म्हणजे काही शाळकरी पोरं नव्हती. थोरला कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, आणि हा खिडकीपाशी बसून एकेक दात घासत लोकांच्या हसण्याची सोय करायचा. त्याची बायको शाळेत व्यायाम शिकवायची. उंच, तडफदार, गळ्यात कायम शिट्टी. धाकटी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, आणि बापाला तोंडावर बोलणारी घरातली एकटी तीच.

थोरल्याचं लग्न झालं तेव्हा जोडपं आधी वरच्याच मजल्यावर राहत होतं. नवरा-बायकोची कुरबुर खाली ऐकू आली रे आली की मास्तर जिना चढायचे, दोघांना समोरासमोर बसवायचे आणि अपघाताचा पंचनामा करावा तसे विचारायचे, "आधी वळलं कोण? इशारा दिला होता का?" दोघं बिचारी आवाज न करता भांडायला शिकली. तर ती शांतता ऐकून मास्तर वर! "इतकं शांत घर बरं नव्हे. काय बिनसलंय?"

शेवटी ती दोघं नदीपलीकडे राहायला गेली. मास्तरांनी अडीअडचणीला असावी म्हणून त्या घराची एक किल्ली परस्पर करवून घेतली. एकदा दोघं सिनेमा बघून परत येतात तो पलंग या भिंतीचा त्या भिंतीला, आणि मास्तर स्वयंपाकघरात चहा पीत बसलेले.

"बाबा, आमचा पलंग?"

"खिडकीखाली होता. रात्रभर गार वारा लागला की माणूस सकाळी चिडका उठतो. परवा तू हिच्यावर चिडलास ना, त्याचं मूळ तिथे होतं."

"मी हिच्यावर चिडलो हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तू माझ्याशी फोनवर होतास, हिने मागून काहीतरी विचारलं आणि तू नुसतं 'हं' म्हणालास. तो 'हं' मी ओळखतो. मी तुझ्या आईला तस्सा म्हणायचो."

सूनबाईने शिट्टी दातांत धरली, पण वाजवली नाही. त्याच आठवड्यात त्यांच्या दाराचं कुलूप बदललं. मास्तरांना वाटलं, चोराचिलटाचं भय असेल. त्यांनी सुनेची पाठ थोपटली.

धाकटीचं प्रकरण त्याहून बिकट. तिच्यासाठी नवरा शोधायची मास्तरांची स्वतःची पद्धत होती. माणसाचा खरा स्वभाव चढावर गाडी बंद पडली की कळतो, हे त्यांचं ठाम मत. म्हणून शिकायला येणाऱ्या प्रत्येक बिनलग्नाच्या तरुणाला ते पाण्याच्या टाकीच्या चढावर न्यायचे, आणि ऐन मध्यावर आपल्या बाजूचा ब्रेक गुपचूप दाबून गाडी बंद पाडायचे. मागे गाड्यांची रांग लागायची, भोंग्यांचा नुसता कल्लोळ. जो शिव्या घालेल तो बाद. जो रडकुंडीला येईल तोही बाद. जो हसत पुन्हा किल्ली फिरवेल तो विचार करण्याजोगा. अशाला मास्तर परतीच्या वाटेवर म्हणायचे, "तुम्हाला लांबच्या पाट्या नीट दिसत नाहीत असं वाटतं. डोळे तपासून घ्या. बाजारातल्या त्या चष्म्याच्या दुकानात एक फार हुशार मुलगी बसते."

धाकटीच्या खुर्चीत ठणठणीत डोळ्यांचे तरुण येऊन बसायला लागले. एका संध्याकाळी तिने ताटावरून मान वर केली.

"बाबा, आज एक गुरांचा डॉक्टर आला होता. तक्त्याच्या तळाशी छापखान्याचं नाव असतं बघा बारीक, तेसुद्धा त्याने वाचून दाखवलं."

"वा! नजर चांगली आहे म्हणायची."

"मग पाठवलात कशाला?"

"मी? मी कुठे... बरं, स्वभावाने कसा वाटला?"

"डोळ्यांत औषध घातल्यावर स्वभाव दिसत नाही."

"घोरणारा असेल का गं? मानेवरून कळतं."

"बाबा!"

टेबलाखाली पाय दाबला गेला. बायकोने मनातली वायर काढून घेतली.

"हे बघा," धाकटी म्हणाली, "मला कोण आवडावं ते माझं मी बघेन. आजपासून दुकानात माणसं पाठवणं बंद."

"बंद," मास्तर म्हणाले. आणि शब्द पाळला. पुढच्या तरुणाला त्यांनी डोळे तपासायला पाठवलं नाही. "नुसत्या फ्रेमी बघून या," असं सांगून पाठवलं.

पुढे एक काळ असा आला की रविवारी घर रिकामं पडू लागलं. बायकोला एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणी भेटायच्या असायच्या. धाकटीचं कुठेतरी फुकट नेत्रतपासणीचं शिबिर असायचं. थोरल्याला विचारावं तर तो म्हणायचा, "बाबा, ज्याची कवळी तुटली तो सोमवारपर्यंत उपाशी राहील का?" सूनबाईच्या शाळेचे सामने असायचे. मास्तरांची छाती फुगायची. रविवारसुद्धा वाया न घालवणारं घर! आपणच मागे का राहायचं, म्हणून त्यांनीही रविवारी शिकवण्या धरल्या.

अशाच एका रविवारी त्यांच्या शेजारी चाकामागे बसल्या होत्या नाटकांचे कपडे शिवणाऱ्या बाई. पन्नाशी उलटलेल्या, गळ्यात मोजपट्टी, पदराला टाचण्या. राजे, राक्षस, परीराण्या सगळ्यांना अंगाबरोबर बसवणाऱ्या या बाईंना गाडी मात्र काही केल्या अंगाबरोबर बसत नव्हती. दुसऱ्या गियरच्या पुढे त्या कधी गेल्याच नव्हत्या. तिसरा गियर हा वाईट चालीच्या लोकांसाठी असतो, असं त्या म्हणायच्या.

सिग्नलला गाडी उभी होती. शेजारी एक स्कूटर येऊन थांबली. मास्तरांनी सवयीने चाकांकडे पाहिलं, मडगार्डकडे पाहिलं, आणि ते ताठ झाले. मडगार्डला एक पोचा होता, आणि तो पोचा त्यांच्या स्वतःच्या गाडीने पाडलेला होता. स्कूटर धाकटीची! चालवत होती धाकटीच. आणि तिच्या मागे डोक्यावर हेल्मेट घातलेला एक उंच इसम. त्याचा एक हात तिच्या कमरेला, दुसऱ्या हातावर केकचं खोकं, लहान मूल धरावं तसं जपून धरलेलं.

हिरवा दिवा लागला. स्कूटर सुटली.

"बाई! त्या स्कूटरमागे घ्या!"

"आज आपलं मागे घेणं शिकायचं होतं ना?"

"मागे घेणं गेलं खड्ड्यात! पुढे! तिसरा टाका, तिसरा!"

"मास्तर, तिसरा?"

"तिसरा!"

बाईंनी डोळे मिटले, दांडा ओढला, आणि पिवळा बटाटा सुसाट निघाला. बाईंनी एक डोळा उघडला. मग दुसरा. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "हे तर छान आहे की!"

"डोळे रस्त्यावर ठेवा!"

"कोण आहे हो त्या स्कूटरवर? चोर?"

"माझी मुलगी!"

"आणि मागचा?"

"तेच तर बघायचंय!"

"वय काय मुलीचं?"

"एकतीस!"

"एकतीस?" बाईंनी एका बसला डावीकडून मागे टाकलं. "मग बघायचं काय राहिलंय त्यात?"

मास्तरांना उत्तर द्यायला सवड नव्हती. त्यांच्या पायाखाली ब्रेक होता, आणि बाई ज्या तऱ्हेने चालल्या होत्या ते पाहता तो आतापर्यंत पंचवीस वेळा दाबायला हवा होता. पण दाबला तर स्कूटर हातची जाणार! उजवा पाय अधांतरी राहिला. मोठ्या गोल चौकात स्कूटर झोकात वळून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडली. पिवळी गाडी चौकात शिरली खरी, पण बाहेर पडेना. एक फेरी झाली. दुसरी झाली. कारंज्यापाशी बसलेली माणसं हात हलवू लागली.

"मास्तर, इथून निघतात कसं?"

"इशारा द्या आणि सुटा!"

"इशारा कुठला?"

"हाताला लागेल तो!"

बाईंच्या हाताला लागेल तो खटका त्यांनी ओढला. काचेवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या, पुसण्या फडफडू लागल्या, आणि त्या पाण्याच्या पडद्याआडून बाईंनी आरोळी ठोकत गाडी बरोबर त्याच रस्त्याला काढली. समोर, एका उंच इमारतीच्या दाराशी, पोचा पडलेली स्कूटर टेकवून ठेवलेली होती. बाई पदपथावर एक चाक चढवून थांबल्या, आणि पहिल्यांदाच ब्रेक आपल्या पायाने दाबल्याबद्दल त्यांनी स्वतःलाच शाबासकी दिली.

"तुम्ही इथेच थांबा," मास्तर म्हणाले.

"इतकी गाडी हाणत आणली ती काय इथे बसायला?" बाई मोजपट्टी सावरत त्यांच्याही पुढे निघाल्या.

लिफ्ट वरच्या मजल्यावर गेल्याचं दारावरचा आकडा सांगत होता; मास्तरांनी बटण दाबलं, ती खाली आली आणि दोघांना घेऊन लोण्यासारखी वर गेली. ना धक्का, ना खडखड. वरच्या मजल्यावर एक दार अर्धवट उघडं होतं आणि आतून हसण्याचे लोटच्या लोट येत होते. मास्तर त्या दाराकडे तरातरा निघाले. तोंडात वाक्य तयार होतं. आणि मधेच त्यांची पावलं अडखळली.

त्या हसण्यातलं एक हसणं त्यांच्या ओळखीचं होतं. खोल विहिरीत घागर बुडावी तसं बुडबुडत येणारं, मग एकदम वर उसळणारं. एक्स्चेंजच्या दाराशी बसच्या रांगेत ते त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं आणि त्यापायी आपली बस सोडली होती. घरात शेवटचं कधी ऐकलं, हे काही त्यांना आठवेना.

त्यांनी फटीतून पाहिलं. टेबलाभोवती सगळे होते. बायको होती, पदराने डोळे पुसत. धाकटी केकचं खोकं सोडत होती. सूनबाई शिट्टी दातांत धरून भिंतीला टेकून हसत होती. तो उंच इसम हातात सुरी घेऊन उभा होता, आणि मधोमध खुर्चीवर थोरला. त्याच्या हातात पातेल्याचं झाकण होतं, चाकासारखं धरलेलं, आणि ओठावर काळ्या शाईची मिशी.

"बेटा!" थोरला गरजला, हुबेहूब मास्तरांच्या आवाजात. "तू श्वास घेतेस तो चुकीच्या गियरमध्ये घेतेस! आत घेण्याआधी आरशात बघितलंस का?"

"अरे पुरे कर रे," बायको कशीबशी म्हणाली. "पोटात दुखायला लागलं."

"आई, शांत! हसताना डाव्या बाजूने हस!"

मास्तरांचा उजवा पाय दाराबाहेरच्या पायपुसण्यावर खाली दाबला गेला. कशाला काही ब्रेक लागला नाही. उलट त्यांच्या मागे उभ्या असलेल्या कपडेवाल्या बाई खदखदून हसल्या आणि म्हणाल्या, "अय्या, डिट्टो!"

सगळ्यांच्या माना वळल्या. झाकण थोरल्याच्या हातातून निसटलं, जमिनीवर भिंगरीसारखं फिरत राहिलं, खूप वेळ, आणि शेवटी खणखणून आडवं झालं.

मास्तर दारात उभे. कार्टी म्हणावं? नमकहराम म्हणावं? बायकोकडे बघावं तर ती त्यांच्याकडे सरळ बघत होती, डोळे न चुकवता. तेव्हा तोंडातून जे बाहेर पडलं ते भलतंच होतं.

"चुकलं," ते म्हणाले.

कुणाला काही कळेना. "काय चुकलं, बाबा?" थोरल्याने चाचरत विचारलं.

"हात चुकले. मी चाक असं खालून धरतो का कधी? आणि 'बेटा' मी कधी म्हटलंय? 'बाळ' म्हणतो. ऊठ."

थोरला उठला. मास्तरांनी झाकण उचललं, खुर्चीवर बसले, खांदे सरळ केले, दोन्ही हात झाकणावर बरोबर जागी ठेवले आणि छत हादरवणाऱ्या आवाजात म्हणाले, "बाळ! श्वास चुकीच्या गियरमध्ये!"

सूनबाईच्या तोंडातली शिट्टी आपोआप वाजली. हसू आवरताना तिने फुंकर मारली होती. त्या शिट्टीसरशी सगळी खोली फुटली. थोरला भिंतीवर डोकं आपटायला लागला, बाई मोजपट्टीने डोळे टिपायला लागल्या, आणि ती विहिरीतली घागर पुन्हा बुडाली, पुन्हा वर आली. मास्तरही हसत होते. हसता हसता त्यांनी विचारलं, "म्हणजे, दर रविवारी?"

"दर रविवारी," बायको म्हणाली.

"आणि त्या मैत्रिणी?"

"त्यांच्याशी मी फोनवर बोलते."

"मला सोडून सगळे?"

हसणं ओसरलं. बायकोने समोरची बशी उगाच इकडची तिकडे केली. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही टेबलाशी असलात की आम्ही जेवत नाही. परीक्षा देतो."

मास्तर गच्चीत गेले. कठड्याला टेकून त्यांनी खाली आपली गाडी पाहिली. वरून तर ती फारच बटाट्यासारखी दिसत होती. थोड्या वेळाने धाकटी येऊन शेजारी उभी राहिली.

"कधीपासून चाललंय?" त्यांनी विचारलं.

"तो, की रविवार?"

"दोन्ही."

"आधी तो. मग रविवार."

"करतो काय?"

"लिफ्ट दुरुस्त करतो. ओळखलं नाहीत? तुमच्याकडे शिकायला होता."

मास्तरांनी मागे वळून काचेतून पाहिलं. हेल्मेट काढलेला, जाड भिंगांचा चष्मा लावलेला इसम कपडेवाल्या बाईंना केक वाढत होता. आणि मग आठवलं. गोल चौकात सगळ्यांना 'आधी तुम्ही' करत बसलेला, इतका, की भाजी आणायला गेलेल्या दोन म्हाताऱ्या परत आल्या तरी हा तिथेच! "तुम्ही लिफ्टच सांभाळा," असं सांगून मास्तरांनी त्याला रजा दिली होती. "लिफ्टला चौक नसतो."

"आणि तुम्ही त्याला म्हणालात, डोळे तपासून घ्या," धाकटी म्हणाली.

"ते मी रागाने म्हणालो होतो!"

"तो खरोखर आला. तुम्ही पाठवलेल्यांत नंबर निघालेला तेवढा एकच. भिंग घातलं तेव्हा मला म्हणाला, 'अरेच्चा, झाडांना एवढी पानं असतात?'" ती हसली. "बाबा, चढावर गाडी बंद पाडलीत ना त्याचीही? काय केलं त्याने?"

मास्तरांनी मिशी चाचपली. "खाली उतरला. मागच्या गाडीवाल्याची माफी मागितली. मग त्याच्या मागच्याची. मग त्याच्या मागच्याची. रांग संपेपर्यंत चालत गेला. मला वाटलं पळाला."

धाकटीने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि इतकी हसली की मास्तरांना कठडा धरावा लागला. "मी त्याला मूर्ख म्हटलं होतं गं," ते म्हणाले. मग राहवेना म्हणून म्हणाले, "घोरतो का?"

"बाबा."

"नाही, नाही. राहिलं."

त्या संध्याकाळी बायकोने निर्णय दिला. मास्तरांनी रविवारी यायचं, पण पाहुणा म्हणून, आणि एका रविवारी एकच मत द्यायचं. दुसरं निघालं की सूनबाई शिट्टी वाजवणार. मास्तरांनी मान डोलावली, आणि लगेच म्हणाले, "शिट्टी जरा मोठ्याने..." शिट्टी वाजली.

पुढचे रविवार म्हणजे त्यांची तारेवरची कसरत. आठवडाभर ते एकेक मत साठवायचे, निवडायचे, घासूनपुसून तयार ठेवायचे. आणि दारातून आत पाय टाकताच ते भलत्यावरच खर्ची पडायचं. पहिल्या रविवारी केक कसा कापावा यावर गेलं. दुसऱ्या रविवारी पडद्यांच्या लांबीवर. मग उरलेला वेळ ते ओठ घट्ट मिटून, लालबुंद होऊन बसायचे, आणि लिफ्टवाला होणारा जावई हळूच त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवायचा. गंमत अशी, की गप्प बसलेल्या मास्तरांना खूप काही ऐकू यायला लागलं. थोरला कवळीला शेवटचा हात मारण्याआधी ती आरशापुढे धरून तिच्याशी गप्पा मारतो, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. बायकोने एक्स्चेंजमध्ये कान लावून दोन लग्नं मोडण्यापासून वाचवली होती, हेही नव्हतं माहीत.

"म्हणजे तू ऐकायचीस!" ते ओरडले.

"हे मत आहे का?" सूनबाईने शिट्टी उचलली.

"नाही! हा आनंद आहे!"

धाकटीचं लग्न छोटंसंच झालं. मास्तरांनी विचारलं, "मी काय करू?" ती म्हणाली, "या." ते आले. कपडेवाल्या बाईंनी त्यांना कोट शिवला होता, कुठल्याशा नाटकातल्या सम्राटाच्या झग्यातून उरलेल्या कापडाचा. बाहेरून साधा काळा, पण आतून अस्तर सोनेरी. मास्तर दिवसभर कुणी दिसला की कोट उघडून दाखवत होते.

मग एका रविवारी असं झालं. मंडळी अजून जमायची होती. मास्तर लिफ्टवाल्याच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते, आणि साल किती जाड काढावी यावर त्या दिवशीचं मत आधीच उधळून बसले होते. सूनबाई आली, तिने दार लोटलं, आणि शिट्टी गळ्यातून काढून ओट्यावर ठेवली.

"बाबा, एक विचारायचंय. हे मोजायचं नाही, कारण मीच विचारतेय."

मास्तरांच्या हातातला बटाटा थांबला.

"मला समुद्राकाठच्या गावातून बोलावणं आलंय. मोठा पोहण्याचा तलाव आहे, तिथल्या मुलांना तयार करायचं. मी अजून ह्यांना सांगितलं नाही. ह्यांचं काम इथे, तुम्ही सगळे इथे. जाऊ की नको? तुम्हाला काय वाटतं?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मास्तरांना त्यांचं मत विचारलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. इतकी वर्षं ज्या पोतडीतून मतं नुसती उतू जायची तिच्यात त्यांनी हात घातला, तर पोतडी रिकामी! त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती ओट्याची कड घट्ट धरून उभी होती, आणि डोळे असे चमकत होते की उत्तर तिच्यापाशी होतंच.

"मला नाही गं सांगता यायचं," मास्तर म्हणाले. स्वतःच्या कानांवर त्यांचा विश्वास बसेना. "तू आधी त्याला सांग. मी... मी इथे नाहीच समज. मी बटाटा आहे."

सूनबाई खळखळून हसली, आणि वाकून तिने सासऱ्यांच्या टकलाचा पटकन मुका घेतला.

मंडळी जमली. जेवणं सुरू झाली. मास्तर पोटात एवढं गुपित घेऊन बसलेले, दम लागल्यासारखे, दोन घास झाले की पाणी. बायकोने दोनदा विचारलं, "बरं नाही का?" दोन्ही वेळा त्यांनी जोरजोरात मान हलवली, तोंड उघडायची त्यांची हिंमत नव्हती. शेवटी सूनबाईने चमचा खाली ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. समुद्र, तलाव, सगळं.

सगळे आधी थोरल्याकडे बघत होते, मग एकेक करत मास्तरांकडे बघायला लागले. मास्तर छताकडे बघत होते.

थोरल्याने घास गिळला. "समुद्राकाठी?" तो म्हणाला. "मग जाऊ की! दात काय, सगळीकडेच पडतात."

बायकोची घागर बुडाली. धाकटीने वहिनीच्या गळ्यात हात टाकले, लिफ्टवाला कुणाला आधी वाढावं या घोळात भांडं हातात घेऊन टेबलाभोवती फिरत राहिला, आणि मास्तर खुर्चीवर उभे राहून काहीतरी मोठ्याने बोलत होते. ते त्या गोंगाटात कुणालाच ऐकू आलं नाही, आणि त्यांचंही त्यावाचून काही अडलं नाही.